बाउंडरी वॉटर्समध्ये कुटुंबासह कनूची सफर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिनीआपोलिस, शिकागो आणि आसपासच्या मराठी कुटुंबांत जानेवारी महिना लागला की उन्हाळ्याच्या बेतांची चर्चा सुरू होते, आणि त्यात कोणीतरी मिनेसोटाच्या उत्तर टोकाच्या अरण्याचा विषय काढतोच. पुढील उत्तरे पहिल्यांदाच निघालेल्या, सोबत पाच ते चौदा वर्षांची मुले असलेल्या आणि तीन-चार रात्रींचा मुक्काम करू इच्छिणाऱ्या कुटुंबांसाठी लिहिली आहेत. ज्यांना रोज वीस मैल वल्हवायचे आहे, त्यांना या पानाचा फारसा उपयोग होणार नाही.

हे ठिकाण नेमके काय आहे?

सुपीरियर राष्ट्रीय वनाचा कॅनडाच्या सीमेला लागून असलेला, दहा लाख एकरांहून मोठा भाग ‘बाउंडरी वॉटर्स कनू एरिया वाइल्डरनेस’ या नावाने संरक्षित आहे. सीमेपलीकडे ऑन्टारिओ प्रांताचे क्वेटिको उद्यान सुरू होते. हिमयुगातील बर्फाने खरवडून काढलेल्या अतिप्राचीन खडकांच्या खोलगटांत पाणी साठून येथे हजाराहून अधिक सरोवरे तयार झाली आहेत, आणि ती ओढ्यांनी किंवा पायवाटांनी एकमेकांना जोडलेली आहेत. रस्ते या क्षेत्राच्या कडेपर्यंत येऊन थांबतात, त्यापुढचा प्रवास पाण्यावरून किंवा पायी करावा लागतो. १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्याने आणि त्यानंतर १९७८ च्या स्वतंत्र कायद्याने येथील यंत्रांचा वापर मर्यादित केला. काही मोजक्या सरोवरांवर ठरावीक शक्तीच्या मोटरबोटी चालतात, एरवी वल्ह्यांचाच काय तो आवाज. १९४९ साली राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी काढलेल्या आदेशामुळे या भागावरून समुद्रसपाटीपासून चार हजार फुटांखाली विमान नेण्यासही बंदी आहे.

येथील मूळ रहिवासी असलेले ओजिब्वे लोक या पाण्यावरून भूर्ज वृक्षाच्या सालीच्या होड्यांतून शतकानुशतके प्रवास करत आले, आणि फर व्यापारातील फ्रेंच-कॅनेडियन वल्हेकऱ्यांनी त्यांच्याकडूनच ही विद्या घेतली. १८५४ च्या तहाने या प्रदेशात शिकार, मासेमारी आणि वनस्पती गोळा करण्याचे जे हक्क ओजिब्वे लोकांकडे राहिले, ते आजही लागू आहेत. हे ‘निर्मनुष्य’ अरण्य आहे असे मुलांना सांगू नये, कारण ते तसे कधीच नव्हते.

आमच्यापैकी कोणीही कधी कनू वल्हवलेली नाही. तरी जावे का?

जावे, मात्र आधी घराजवळच्या तळ्यावर दोन-तीन संध्याकाळी सराव करावा. कनू ही दोन्ही टोकांना निमुळती, वरून उघडी आणि अरुंद होडी असते, आणि तीत उभे राहिले की ती डोलू लागते. पुढे बसणारा गती देतो, मागे बसणारा दिशा सांभाळतो. सुरुवातीला होडी सापासारखी वळवळत जाते आणि त्यावरून नवरा-बायकोंत जे संवाद होतात, ते घराजवळच उरकून घेतलेले बरे. मागच्याने प्रत्येक झटक्याच्या शेवटी वल्ह्याचे पाते किंचित बाहेर वळवले की होडी सरळ राहते, आणि ही एक युक्ती जमली की निम्मे शिक्षण झाले. सामानाच्या जड पिशव्या होडीच्या मध्यभागी तळाशी ठेवाव्यात, आणि वारा सुटला तर बाकावरून उतरून गुडघ्यांवर बसावे.

पोर्टेज म्हणजे काय, आणि ते ‘रॉड’मध्ये का मोजतात?

एका सरोवरातून दुसऱ्यात जाण्यासाठी जेथे पाण्याची वाट नसते, तेथे होडी खांद्यावर आणि सामान पाठीवर घेऊन पायवाटेने जावे लागते. त्या वाटेला आणि त्या क्रियेलाही पोर्टेज म्हणतात. नकाशावर तिची लांबी रॉडमध्ये लिहिलेली असते. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, म्हणजे साधारण एका कनूची लांबी, आणि ३२० रॉडचा एक मैल होतो. आपल्याकडे जमीन गुंठ्यांत मोजण्याची सवय जशी मेट्रिक पद्धतीला पुरून उरली, तसेच हे.

हिशोबात नवखी कुटुंबे हमखास चुकतात ते येथेच. शंभर रॉड म्हणजे जेमतेम अर्धा किलोमीटर, म्हणून आकडा किरकोळ वाटतो. परंतु सगळे सामान एका खेपेत जात नाही. दोन खेपा करायच्या म्हटल्या की ती वाट जाताना, परत येताना आणि पुन्हा जाताना, अशी तीनदा चालावी लागते, म्हणजे दीड किलोमीटर झाला, आणि तोही दगडधोंडे, मुळे आणि चिखल यांतून. त्यातच सहा वर्षांच्या मुलाला मध्ये उचलून घ्यावे लागले तर चौथी खेप वेगळी. होडी भाड्याने घेताना थोडे जास्त पैसे गेले तरी केव्हलर या हलक्या, मजबूत कृत्रिम धाग्यापासून केलेलीच घ्यावी. ती सुमारे वीस किलोंची असते, तर ॲल्युमिनियमची तीस किलोंच्या पुढे जाते. चाकांची गाडी नेण्याचा विचार अनेकांना सुचतो, पण काही ठरवून दिलेल्या वाटा सोडल्या तर चाकांना येथे परवानगी नाही.

दिवसाला किती अंतर धरावे?

नकाशा पसरून बसले की तासाला दोन मैल, दिवसाला पाच तास, म्हणजे दहा मैल, असे गणित सहज मांडले जाते. आमच्या पहिल्या सफरीत आम्ही तेच मांडले होते. चार दिवसांत सात सरोवरांचा फेरा ठरवला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिसऱ्या पोर्टेजच्या मध्यावर धाकटी मुलगी एका ओंडक्यावर बसली ती उठेचना. रडली नाही, चिडली नाही, फक्त बसून राहिली. आम्ही तेथूनच मागे फिरलो, आदल्या रात्रीच्या सरोवरावर परत आलो आणि उरलेले दिवस तेथेच राहिलो. सफरीतले सगळ्यांना आठवतात ते दिवस हेच आहेत.

तेव्हापासून आमचा नियम असा आहे की, गटातले सर्वांत लहान मूल न कुरकुरता जितके जाईल, त्याच्याही थोडे अलीकडे थांबायचे. व्यवहारात याचा अर्थ असा होतो की प्रवासाच्या दिवशी तीन ते चार तास पाण्यावर, जास्तीत जास्त दोन छोटी पोर्टेज, आणि एकदा तंबू ठोकला की निदान दोन रात्री तो हलवायचा नाही. तंबू उभारणे आणि मोडणे यांत मुलांसह दोन-दोन तास जातात आणि रोज हे करणाऱ्या कुटुंबाला अरण्य दिसतच नाही, फक्त पिशव्या दिसतात. मधल्या दिवशी रिकाम्या होडीने जवळपास हिंडावे. तिचा हलकेपणा अनुभवून मुलांना वल्हवण्याची खरी गोडी लागते.

परवाना कसा मिळवायचा?

१ मे ते ३० सप्टेंबर या काळात रात्रीच्या मुक्कामासाठी प्रत्येक प्रवेशस्थानावरून रोज ठरावीक संख्येनेच गट सोडले जातात. त्यासाठीचे आरक्षण ‘रिक्रिएशन डॉट गव्ह’ या सरकारी संकेतस्थळावर जानेवारीच्या शेवटच्या बुधवारी सकाळी नऊ वाजता सुरू होते आणि लोकप्रिय प्रवेशस्थानांचे जुलै-ऑगस्टचे दिवस फार लवकर संपतात. आरक्षणाचे ६ डॉलर, प्रौढ व्यक्तीमागे १६ डॉलर आणि अठरा वर्षांखालील मुलामागे ८ डॉलर असा दर असून तो एका रात्रीचा नसून संपूर्ण सफरीचा आहे. निघण्यापूर्वी दर एकदा पाहून घ्यावेत.

एका गटात नऊ माणसे आणि चार होड्या यांपेक्षा जास्त चालत नाही, आणि त्या नऊंत तान्हे मूलही मोजले जाते. त्यामुळे चौघांची दोन कुटुंबे मिळून जाणे सोयीचे ठरते, पण तिसरे कुटुंब आले की दोन स्वतंत्र परवाने लागतात आणि मुक्कामही वेगळे करावे लागतात. गटप्रमुख म्हणून ज्याचे नाव दिले असेल, त्यानेच ओळखपत्र दाखवून परवाना घ्यायचा असतो. म्हणून पर्यायी प्रमुखाची नावे आरक्षणातच लिहून ठेवावीत. परवाना प्रवेशाची तारीख आणि जागा ठरवतो, मुक्कामाची जागा नव्हे. ती जो आधी पोहोचेल त्याची. ऑगस्टमध्ये दुपारी दोनपर्यंत जागा धरली नाही तर संध्याकाळी थकलेल्या मुलांना घेऊन या बेटावरून त्या बेटावर फिरण्याची पाळी येते.

कोणता काळ चांगला?

बर्फ साधारण एप्रिलच्या अखेरीस ते मेच्या मध्यापर्यंत वितळतो, पण पाणी त्यानंतरही कित्येक आठवडे धोकादायक इतके थंड असते. मेच्या अखेरीपासून जूनभर चावऱ्या काळ्या माशा आणि जून-जुलैत डास असतात. लहान मुलांसाठी आम्ही ऑगस्टचा दुसरा पंधरवडा निवडतो. डास ओसरलेले असतात, पाणी पोहण्याजोगे असते, खडकांच्या कडेने रानटी ब्लूबेरी अजून सापडतात आणि मिनेसोटातील बहुतेक शाळा सप्टेंबरमध्ये उघडतात. रात्री मात्र गारठा पडतो, म्हणून लोकरीची टोपी ऑगस्टातही न्यावी.

पहिल्या सफरीसाठी कोणता मार्ग सुचवाल?

मिनीआपोलिसपासून मोटारीने चार-साडेचार तासांवर एली हे छोटे गाव आहे आणि तेथून पूर्वेला फर्नबर्ग रस्त्याच्या शेवटी ‘लेक वन’चे प्रवेशस्थान आहे. येथून लेक टूला जाताना तीस आणि चाळीस रॉडांच्या आसपासची दोन पोर्टेज लागतात आणि त्यापुढे लेक थ्री आणि लेक फोरपर्यंत होडीतून उतरावेच लागत नाही. नावे ठेवणाऱ्याची कल्पनाशक्ती आटली असावी, पण जागा सुंदर आहे. एक इशारा: लेक वन दिसते त्यापेक्षा फसवे आहे. बेटे आणि आखाते यांची इतकी गुंतागुंत आहे की पहिल्याच तासात वाट चुकणारे पुष्कळ असतात. नकाशा पुढच्या पिशवीवर उलगडून ठेवावा आणि प्रत्येक बेट ओलांडताना त्यावर बोट ठेवावे. हे काम नऊ-दहा वर्षांच्या मुलाला द्यावे, मोठ्यांपेक्षा ते अधिक मन लावून करते. २०११ च्या पगामी क्रीक वणव्यात या सरोवरांच्या काठचे बरेच जंगल जळाले होते. जळक्या खोडांमधून वर आलेली कोवळी झाडे पाहताना मुले आपणहून प्रश्न विचारू लागतात.

टोफ्टे गावावरून जेथे जाता येते ते सॉबिल सरोवर हाही चांगला पर्याय आहे. केवळ एका दिवसाची चाचणी घ्यायची असेल तर एलीच्या उत्तरेला एको रस्त्यावरून हेगमन सरोवरांकडे जावे. तेथील कड्यावर मूस (हरणाच्या कुळातला एक मोठा प्राणी) आणि माणूस यांची जुनी लाल चित्रे होडीतूनच दिसतात. त्यांना हात लावू नये.

पाण्यावर मुलांच्या सुरक्षिततेसाठी काय करावे?

मिनेसोटाच्या कायद्याप्रमाणे दहा वर्षांखालील मुलाने होडी चालू असताना लाइफ जॅकेट घातलेच पाहिजे, आणि इतर प्रत्येकासाठी ते होडीत असले पाहिजे. आमच्या मते मोठ्यांनीही ते अंगावरच ठेवावे. आईवडिलांनी काढून बाजूला ठेवले की मुले ते घालायला तयार होत नाहीत, आणि पाण्यात पडल्यावर थंडीने श्वास अडकतो तेव्हा जॅकेट घालण्याइतकी शुद्ध पोहणाऱ्यालाही राहत नाही. ‘मला विहिरीत पोहता येते’ हा दाखला येथे पुरेसा नाही.

वारा बहुधा सकाळी उशिरा वाढू लागतो, म्हणून मोठे सरोवर ओलांडायचे असेल तर न्याहारीआधी निघावे आणि शक्यतो काठाकाठाने जावे. पांढरा फेस दिसू लागला की किनारा धरून थांबावे. गडगडाट ऐकू येताच पाणी सोडावे आणि एकट्या उंच झाडाखाली उभे राहू नये. तंबू ठोकताना वर पाहण्याची सवय लावून घ्यावी, कारण वाळलेली, उभी झाडे वाऱ्यात कोसळतात. ४ जुलै १९९९ च्या वादळाने येथील लाखो झाडे काही तासांत आडवी केली होती.

खाण्याचे काय? डबे, लोणची, कुकर नेता येतात का?

खाद्यपदार्थांचे पत्र्याचे फेकाऊ डबे आणि काचेच्या बाटल्या यांना या क्षेत्रात बंदी आहे. त्यामुळे काचेच्या बरणीतले लोणचे आणि डबाबंद राजमा घरीच राहू द्यावेत. स्टीलचा नेहमीचा डबा चालतो, पण त्याचे वजन पोर्टेजवर आठवण करून देते. सगळा कोरडा शिधा जेवणागणिक वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून वर ‘मंगळवार रात्र’ असे लिहिणे ही पद्धत आम्हांला सर्वांत उपयोगी वाटली.

या बाबतीत मराठी स्वयंपाकघराला काहीच कमी नाही, कारण प्रवासाचा आणि बेगमीचा शिधा आपल्याकडे पूर्वापार तयार होतो. पहिल्या दिवसासाठी दुधात भिजवलेल्या दशम्या आणि दाण्याची चटणी, दुसऱ्यापासून मूगडाळ-तांदळाची मसाला मिसळून ठेवलेली खिचडी, मेतकूट-भात, भाजलेल्या रव्याचा उपमा, आणि जोर असेल तर भाजणीची थालीपिठे. बेसनात तिखट, मीठ, हळद, जिरे आणि कोरडा लसूण आधीच मिसळून नेले की पिठले दहा मिनिटांत होते. गूळपोळ्या आठवडाभर टिकतात आणि पोर्टेजच्या मध्यावर अर्धी गूळपोळी जे काम करते, ते चॉकलेटला जमत नाही, असे आमचे ठाम मत आहे. कुकर नेऊ नये. डाळ तासभर भिजवून झाकण घट्ट लावलेल्या पातेल्यात शिजते. तेल कमीच न्यावे, कारण ते सांडले की सगळ्या पिशव्यांना वास लागतो.

स्वयंपाकासाठी लहान गॅस स्टोव्ह न्यावाच. शेकोटी फक्त मुक्कामाच्या जागी बसवलेल्या लोखंडी जाळीतच पेटवता येते, कोरड्या हंगामात तिच्यावरही बंदी येते, आणि लाकूड म्हणून जमिनीवर पडलेल्या वाळक्या काटक्याच घ्यायच्या असतात. भांडी सरोवरात धुवू नयेत, साबण वनस्पतीजन्य असला तरीही. पाणी काठापासून दोनशे फूट आत नेऊन तेथे धुवावीत.

अस्वले येतात का?

येथे काळी अस्वले आहेत. ती माणसाच्या नव्हे, अन्नाच्या वासाने येतात, आणि आपल्या फोडणीचा वास किती दूर जातो हे कोणत्याही इमारतीतल्या शेजाऱ्याला विचारावे. रात्री सगळे अन्न, कचरा, टूथपेस्ट आणि मुलांच्या खिशातली चिक्कीसुद्धा एकत्र करून मान्यताप्राप्त अस्वलरोधक पेटीत ठेवावी, किंवा दोराने जमिनीपासून किमान बारा फूट उंच आणि खोडापासून सहा फूट दूर टांगावी. साधे प्लास्टिकचे पिंप यासाठी चालत नाही. तंबूत काहीही खाऊ नये. अस्वल आलेच तर पळू नये; मुलांना जवळ घेऊन, एकत्र उभे राहून, भांडी वाजवून मोठ्याने आवाज करावा. आम्हांला आजवर खरा उपद्रव झाला तो खारींचाच.

शौचाची सोय कशी असते?

प्रत्येक ठरवून दिलेल्या मुक्कामाच्या जागी थोडे आत जंगलात खड्ड्यावर बसवलेली एक बैठक असते. तिला भिंती नसतात, छप्पर नसते आणि दारही नसते. मुलांना याची कल्पना घरीच द्यावी, नाहीतर पहिले दोन दिवस ती जातच नाहीत. तांब्याऐवजी झाकणाची हलकी प्लास्टिकची बाटली आणि हात धुण्यासाठी थोडा साबण वेगळ्या पिशवीत ठेवावा. त्या खड्ड्यात अन्न, कचरा, ओले रुमाल किंवा सॅनिटरी पॅड टाकू नयेत. ते बांधून परत आणावे लागतात.

सरोवराचे पाणी पिता येते का?

दिसायला ते काचेसारखे असते, पण त्यात जिआर्डिया हा पोटाचे हाल करणारा सूक्ष्मजीव असू शकतो. पाणी गाळणयंत्रातून काढावे किंवा खळखळून एक मिनिट उकळावे. गुरुत्वाकर्षणावर चालणारी, झाडाला टांगायची गाळणी कुटुंबासाठी सर्वांत बरी.

डास, गोचिड्या आणि जळवा यांचा बंदोबस्त कसा करावा?

फिक्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डोक्यावरून घ्यायची जाळी वापरावी. तीस टक्क्यांपर्यंत डीट हे कीटकरोधक रसायन असलेले मलम दोन महिन्यांवरील मुलांना चालते. गोचिड्यांपासून लाइम रोग होऊ शकतो, म्हणून रोज झोपताना मुलांचे कान, काखा आणि गुडघ्यांच्या मागची बाजू तपासावी. गोचिडी दिसल्यास चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी. जळवा निरुपद्रवी आहेत, पण त्यांचे नाव आधी काढू नये.

कोणाला दुखापत झाली तर मदत कशी मिळेल?

बहुतेक भागात मोबाइलला संपर्क मिळत नाही, म्हणून उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र भाड्याने घ्यावे. तरीही मदत पोहोचायला बरेच तास लागू शकतात. घरी एका माणसाकडे मार्ग, परतीची वेळ आणि किती उशीर झाला तर शेरीफच्या कार्यालयाला कळवायचे, हे लिहून द्यावे. दुखापती बहुधा साध्या असतात: निसरड्या खडकावर मुरगळलेला घोटा, सुरीने कापलेले बोट, स्टोव्हचा चटका. पाण्यात उतरतानाही पायात बूट ठेवले तर यांतल्या निम्म्या टळतात.

आमच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे. काही अडचण येईल का?

अरण्यात जाण्यासाठी येणार नाही. परंतु बासवुड, नाइफ, सागनागा अशा सरोवरांच्या मधूनच कॅनडाची सीमा जाते आणि पाण्यावर तिची रेघ दिसत नाही. पलीकडच्या काठावर उतरणे म्हणजे दुसऱ्या देशात शिरणे होय. व्हिसावर राहणाऱ्यांनी पहिल्या सफरीसाठी सीमेपासून आतली सरोवरे निवडावीत आणि आपली कागदपत्रे जलरोधक पाकिटात सोबत ठेवावीत.

आजी-आजोबा भारतातून आलेले असतील तर त्यांना नेता येईल का?

गुडघे चांगले असतील तर अवश्य न्यावे. होडीत चढणे-उतरणे हाच त्यांच्यासाठी सर्वांत कठीण भाग असतो, म्हणून तीन आसनांच्या होडीत त्यांना मध्ये बसवावे आणि होडी गुडघाभर पाण्यात दोघांनी घट्ट धरून ठेवावी. मूस सरोवराच्या साखळीत मोटरबोटीने होडीसह काही अंतर पुढे सोडण्याची सशुल्क सेवा मिळते, ती घेतल्यास पहिला दिवस वाचतो. रात्री लून पक्ष्याची हाक ऐकू येते तेव्हा ती कोणाची आहे हे त्यांना आधी सांगून ठेवावे, कारण अंधारात ती कोणीतरी गळा काढून रडावे तशी वाटते. आमच्या सासूबाई पहिल्या रात्री त्या आवाजाने उठून बसल्या आणि दुसऱ्या रात्री त्याची वाट पाहत जाग्या राहिल्या. जमिनीवर मांडी घालून बसणे अवघड असेल तर घडीची लहान खुर्ची न्यावी. तिचे वजन एक किलोच्या आसपास असते, आणि दिवसातून चारदा तरी मुले ती पळवतात.